आवाज बंद करून पाहिलेली लग्नं

रविवारी दुपारी चार वाजता मनुबाईच्या घरात टीव्हीचा आवाज पूर्ण बंद करण्यात आला. पडद्यावर १९८८ सालचं लग्न चालू होतं आणि ते तसंच चालू राहिलं. नवरदेव, म्हणजे मनुबाईचा मुलगा धाकू, ठाण्याच्या मासुंदा तलावात नव्या नवरीला पायडलच्या होडीतून फिरवत होता. फिरवत होता म्हणजे होडी एकाच जागी गोल गोल फिरत होती.

“गानं होतं तवा वाटायचं नाचतं हाय,” सगुणा म्हणाली. “आता कललं. वाचवा म्हनून हात हलवतं.”

खोलीतल्या बायका हसल्या. धाकू दारात उभा होता. त्यानेही हसून घेतलं, कारण या कॅसेटवर न हसून काही उपयोग नसतो हे त्याला नऊ वर्षांत कळलेलं होतं.

साल १९९७, एप्रिल महिना. कोपर स्टेशनवरून खाडीच्या बाजूला उतरलं की नव्या बिल्डिंगांच्या मागे जो कोळीवाडा लागतो, तिथली ही दुपार. टीव्हीचा आवाज गंमत म्हणून बंद केलेला नव्हता. मनुबाईची धाकटी मुलगी शीला हिचं लग्न मे महिन्यात होतं, आणि त्याआधी सगुणाला एका गाण्याची पहिली ओळ शोधून काढायची होती. ती सापडण्याची जागा आता एकच उरली होती. चंद्रभागाकाकीचे ओठ.

चंद्रभागा ही वाड्याची धवलारीण होती. लग्नाच्या प्रत्येक विधीला एक गाणं असतं, त्याला धवला म्हणतात, आणि तो उचलणारी बाई म्हणजे धवलारीण. ती ओळ म्हणते, बाजूला बसलेल्या बाया ती झेलतात. भटजी उशिरा आला तरी चालतं, धवलारीण लागतेच. चंद्रभागाकाकी दोन वर्षांपूर्वी गेली. तिच्या डाव्या हाताला अठरा वर्षं सगुणा बसायची, झेलणाऱ्यांत पहिली. त्यामुळे काकीनंतर कोण, हा प्रश्न कोणी विचारला नाही. मधल्या दोन वर्षांत वाड्यात जी लग्नं झाली त्यांत लोकांनी बँडवर भागवलं. मनुबाई मात्र बँडवर भागणारी नव्हती.

“आये, दोन कीबोर्डवाला बँड सांगितलाय,” धाकूने तिला समजावून पाहिलं होतं. “डोंबिवलीत असा बँड दुसरा नाय.”

“कीबोर्डनी मांडवातली मेढ उभी रात नाय,” मनुबाई म्हणाली. “धवला पायजे. आनि नवऱ्याकडची धवलारीन आपल्या मांडवात तोंड उघडील ना, तर मी त्या दिवशी जेवनार नाय.”

नवरा ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यातला. त्यांची धवलारीण रंगूबाई, आवाजाने आणि बोलण्यानेही प्रसिद्ध. मुलीच्या मांडवात मुलीकडच्यांना धवला येत नाही असं दिसलं असतं तर रंगूबाईने तो म्हटला असता, आणि मग पुढची वीस वर्षं ते ठाण्यात सांगितलं असतं. सगुणाने हो म्हटलं. मनुबाईसाठी म्हटलं, वाड्यासाठी म्हटलं. पण मनातल्या मनात तिला स्वतःलाच ते पाहिजे होतं. अठरा वर्षं दुसरीची ओळ झेलल्यावर एकदा तरी आपण ओळ टाकावी, असं तिला वाटे.

बाकीचे धवले तिला आले. त्यांत धवलारीण जे म्हणते तेच बाया पुन्हा म्हणतात. झेलणारीला उचलायला अवघड नाही. अडलं ते एकाच ठिकाणी. मांडवात उंबराची फांदी पुरतात, तिला मेढ म्हणतात, आणि मेढीच्या धवल्याची पहिली ओळ धवलारीण एकटी म्हणते. बाया ती परत म्हणत नाहीत. त्यांची ओळ वेगळी: “तिचे सावलीला नवरी बैसली.” तिचे म्हणजे कुणाचे, ते पहिल्या ओळीत असणार. पण पहिली ओळ कोणालाच आठवेना. मनुबाई म्हणाली, तिच्यात नदी आहे. दुसरी म्हणाली, पोपट आहे. तिसरी म्हणाली, पोपट हळदीच्या धवल्यात आहे, तू गप बस.

काकी जिवंत असताना विचारून ठेवता आलं नसतं का? नसतं. मांडव नसताना धवला तोंडातून काढायचा नाही, असा तिचा नेम होता. एकदा आकाशवाणीसाठी टेप करायला कोणी बाई आली होती. काकीने तिला चहा दिला, सुकटीची चटणी बांधून दिली आणि परत पाठवली.

म्हणून कॅसेटी.

लग्नाच्या कॅसेटी ही वाड्याची मोठी करमणूक होती. सगळ्या विठ्ठल शूटिंगवाल्याने काढलेल्या. विठ्ठल मूळचा साताऱ्याकडचा, ठाकुर्ली स्टेशनसमोर त्याचं दुकान. कॅमेऱ्यात आलेला खरा आवाज हा कचरा असतो, असं त्याचं मत होतं, आणि गिऱ्हाइकांचंही तेच होतं. ढोल, पोरांची रडारड, जेवणाच्या पंगतीतली बोंबाबोंब हे सगळं पुसून तो त्या त्या वर्षीची सिनेमातली चालती गाणी टाकायचा. शिवाय प्रत्येक कॅसेटमध्ये एक खास गाण्याचा भाग असायचा. त्यासाठी नवरा-नवरीला लग्नानंतर बागेत, तलावावर, कल्याणला दुर्गाडीवर नेऊन नाचवलं जाई. कॅसेट तयार झाली की घरी दाखवायची, सगळ्यांना बोलवायचं, आणि सगुणा आल्याशिवाय सुरू करायची नाही.

सगुणा डोंबिवली पश्चिमेला मार्केटात मासे विकायची. तिथे गिऱ्हाइकाला ऐकवण्याचा जो आवाज तोच ती टीव्हीसमोर लावायची. तिचं बोलणं ऐकायला लोक यायचे. लग्न त्यांनी प्रत्यक्ष पाहिलेलंच असायचं. दगडू नावाच्या एकाने तर तिच्या धास्तीने आपली कॅसेट वाड्यात दाखवलीच नाही. सगुणाने ती त्याच्या सासुरवाडीला जाऊन पाहिली आणि येताना मागून आणली.

दगडूची कॅसेट तिची सर्वांत आवडती. विठ्ठलला खाडीचा किनारा म्हणजे चौपाटी वाटली होती. ओहोटीच्या वेळी त्याने नवरीला बांधावर हात पसरून उभं केलं आणि दगडूला सांगितलं, समोरून पळत या. समोर गुडघाभर चिखल आहे हे दगडूला जन्मापासून माहीत होतं. पण नवीन बायकोसमोर आणि कॅमेऱ्यासमोर नाही कसं म्हणायचं, म्हणून तो पळाला. तिसऱ्या पावलाला रुतला. विठ्ठलने नंतर मिक्सिंगमध्ये तेवढंच स्लो मोशन केलं, त्यामुळे दगडू अख्खं कडवं संपेपर्यंत रुतत जातो. मागे मोठा गायक प्रेमाने ऊर फोडून गातो आहे. नवरीचे पसरलेले हात हळूहळू खाली येतात. शेवटी ती बांधावर बसते.

“दगडू, दमानी ये रं,” सगुणा दर वेळी म्हणायची. “भरती सहा वाजता हाय. तवर पोचशील.”

धाकूचा भाग दुसऱ्या नंबरला. सातव्या वर्षापासून खाडीत होडी वल्हवणाऱ्या पोराला तलावातली पायडलची होडी वळवता आली नाही. तो उजवा पाय दाबतो, होडी डावीकडे जाते. डावा दाबतो, थांबते. वल्हं कुठे आहे म्हणून तो एकदा बाजूला हात घालून चाचपतोही. सगुणा ते नक्की दाखवून द्यायची.

आणि तिसरी मजा धाकूच्याच कॅसेटमध्ये, हळदीत. चंद्रभागाकाकी मांडवात बसून मनापासून धवला म्हणते आहे, आणि तिच्या तोंडातून एका तरुण माणसाचा आवाज बाहेर येतो आहे, गिटारसकट. पोरांनी तिचं नाव डिस्को आजी ठेवलं. काकीला राग आला नाही. पहिल्यांदा ते पाहून ती म्हणाली होती, “आवाज बरा लागलाय गो माजा. खोकला गेलेला दिसतं.”

त्या रविवारी मात्र गिटार बंद होती आणि काकीचं तोंड नुसतंच हलत होतं. बायका पुढे सरकल्या. काकीच्या शेजारी नऊ वर्षांपूर्वीची सगुणा दिसत होती. मांडवात उंबराची फांदी आली. काकी उठली, फांदीला हळदकुंकू लावलं, आणि पडद्याच्या मधोमध एक लाल गुलाब उमलला. तो काकीला पूर्ण झाकेपर्यंत उमलत राहिला. मग पाकळ्या मिटल्या, तेव्हा झेलणाऱ्या बायांची तोंडं उघडलेली होती. पहिली ओळ होऊन गेली होती.

“मागं घे,” सगुणा म्हणाली.

धाकूने मागे घेतलं. गुलाब पुन्हा उमलला.

दगडूची कॅसेट लावली. तिच्यात त्याच जागी दोन हंस पोहत आले आणि त्यांनी चोची जुळवून बदाम केला. त्या बदामातून शेजारच्या आळीतली कोणी काकू लाडू खाताना दिसली, काकी नाही. तिसऱ्या एका लग्नात त्याच जागी पुस्तकाचं पान उलटलं. चौथ्यात नवरा-नवरीची नावं भिंगरीसारखी फिरत आली आणि थांबली, तोवर काकी खाली बसलेली होती.

“यो शूटिंगवाला काकीचा दुश्मन होता काय?” मनुबाई म्हणाली.

“दुश्मन नाय गो,” सगुणा म्हणाली. “दुश्मनानी येवरी फुलं वायली नसती.”

सोमवारी मार्केट आटोपून सगुणा ठाकुर्लीला गेली. शीला तिच्याबरोबर होती. शीला कल्याणला एका ऑफिसात टायपिंग करायची. लग्नाची साडी फॉल-बिडिंगला टाकायची आहे असं घरी सांगून ती आली होती.

विठ्ठल दुकानात एका मुंजीचं मिक्सिंग करत बसला होता. बटूभोवती तारे फिरत होते.

“सगुणाताई! बसा. मासे आणलेत का?”

“तुज्या तोंडावर मारायला आनायचे होते, इसरले. मना सांग, मेढीच्या टायमाला तू फूल कनाला लावतंस?”

विठ्ठलने तारे थांबवले. प्रश्न त्याच्या कामाचा होता, म्हणून त्याने विचार करून उत्तर दिलं. “तिथे जॉइंट येतो, ताई. मामा फांदी घेऊन वाजतगाजत येतो, ते मी काढतो. मग मांडवात गर्दी होते, लाइटवाल्याला जागा बदलावी लागते. कॅमेरा बंद करतो. लाइट लागली की चालू करतो, तेव्हा बायकांचं गाणं चालू झालेलं असतं. दोन तुकडे जोडले की झटका बसतो. झटका दिसू नये म्हणून फूल.”

“म्हणजे फुलाच्या मागे काहीच नाही?” शीलाने विचारलं.

“फुलाच्या मागे जॉइंट आहे.”

“तुम्ही इतक्या लग्नांत उभे होतात, काका. तुम्ही ऐकलं असेल ना? काकी पहिली ओळ काय म्हणायची?”

“ऐकलं असणार,” विठ्ठल म्हणाला. “पण एक डोळा कॅमेऱ्याला लावला ना, की कान बंद होतात. माझ्या स्वतःच्या बहिणीच्या लग्नात कोण काय बोललं ते मला माहीत नाही. फोकस चांगला होता एवढं आठवतंय.” मग त्याला आठवलं. “लक्ष्मीचं लग्न बघितलंत का? ते माझं वाड्यातलं पहिलं काम. शहाऐंशी साल. तेव्हा माझ्याकडे मिक्सर नव्हता.”

“गानी तर त्याच्यातबी हायत.”

“गाणं घालायला टेपरेकॉर्डर पुरतो, ताई. फुलाला मिक्सर लागतो. आणि तेव्हा लाइटवालाही नव्हता. दिवसाउजेडी काढलं, न थांबता. नवीन होतो ना. कॅमेरा कुठे बंद करायचा ते कळायचं नाही.”

लक्ष्मी आता डोंबिवली पूर्वेला राहायची. तिची कॅसेट सापडली, पण अकरा पावसाळ्यांनी तिच्यावर पांढरी बुरशी चढवली होती. विठ्ठलने ती उघडली, कापसाने फीत हाताने पुसली, दुसऱ्या खोक्यात घातली. त्याला दोन संध्याकाळी लागल्या. “बुरशीवाली कॅसेट लावली तर व्हीसीआरचं डोकं जातं,” तो म्हणाला, “आणि तुमच्या धाकूचं त्याच्या आधी.”

पुढच्या रविवारी पुन्हा सगळ्या जमल्या. या वेळी लक्ष्मीही आली होती, आणि विठ्ठल स्वतः रिमोट घेऊन बसला होता. लक्ष्मीच्या लग्नाचा गाण्याचा भाग फारसा नव्हता. ती आणि तिचा नवरा एका झाडाला दोन बाजूंनी टेकून उभे होते आणि कोणी हलत नव्हतं.

“फोटोच काढतायत असं वाटलं आम्हाला,” लक्ष्मी म्हणाली. “हा म्हणाला हसा, म्हणून हसलो. अर्धा तास हसत होतो.”

“झाड बरा हाय,” सगुणा म्हणाली. “तो तरी पानं हलवतं.”

मग मांडव आला. फांदी आली. बायकांचं हसणं आपोआप थांबलं. काकी उठली. अकरा वर्षांपूर्वीची, ताठ, नाकातली नथ नीट करणारी. तिने फांदीला हळद लावली, कुंकू लावलं. आणि मग तिने सगळ्यांकडे पाठ केली.

पूर्ण पाठ. दोन्ही हात फांदीवर ठेवले, डोकं पुढे नेलं, कपाळ जवळजवळ सालीला टेकलं. लुगड्याखाली तिचे खांदे किंचित वर झाले आणि खाली आले. मागे ढोलवाला काठी वर धरून थांबलेला होता. मग ती वळली, उजवा हात उचलला, आणि तिच्या डावीकडे बसलेल्या चवळीच्या शेंगेसारख्या सगुणाचं तोंड उघडलं. तिचे सावलीला नवरी बैसली.

विठ्ठलने न सांगता मागे घेतलं. पुन्हा पाठ. पुन्हा खांदे.

“म्हणजे,” मनुबाई सावकाश म्हणाली, “जे कोनी कदी ऐकलंच नाय, ते आपून इसरलो म्हनून रडत बसलो.”

“आये, नदी हाय म्हनलीस ना तू त्याच्यात?” धाकू म्हणाला.

“तू गप रे, होरीवाल्या.”

मग वाद सुरू झाला. धाकूचं म्हणणं, काकी काहीच म्हणत नसेल, दम घेत असेल. एवढा मोठा धवला उचलायचा म्हणजे छातीत हवा भरायला लागते. लक्ष्मीला आठवत होतं, त्या दिवशी काकीला खोकला होता, ती बाजूला होऊन खाकरली असेल. मनुबाईचं म्हणणं, काहीतरी म्हणत होती, पण ते माणसांसाठी नव्हतं. विठ्ठलला वाटलं, कॅमेऱ्याची लाज वाटली असेल. पहिल्या पहिल्यांदा सगळ्यांनाच वाटायची. यावर लक्ष्मी म्हणाली, लाजणारी बाई दोन वर्षांनी डिस्को आजी कशी झाली असती?

  सगुणा पडद्यावरच्या स्वतःकडे पाहत होती. अठरा वर्षं आपण काकीचा आवाज ऐकून ओळ उचलतो असं ती समजत होती. पडद्यावर स्वच्छ दिसत होतं की तिची नजर काकीच्या उजव्या हातावर आहे. हात वर गेला की ही सुरू. आवाजाची वाट तिने कधी पाहिलीच नव्हती.

“मग गो?” मनुबाईने विचारलं. “म्हननार का रंगूला सांगू?”

“म्हननार,” सगुणा म्हणाली. पण काय म्हणणार ते तिलाही माहीत नव्हतं, आणि सराव करायची सोय नव्हती. मांडव उभा राहायला अजून अवकाश होता.

हळदीच्या दिवशी दुपारीच चेंदणीहून नवऱ्याची उष्टी हळद आली. तिच्याबरोबर टेम्पोभर बायका आणि पुढे ड्रायव्हरशेजारी रंगूबाई. उतरल्या उतरल्या तिने मांडवाकडे पाहिलं, कीबोर्डवाल्यांकडे पाहिलं आणि विचारलं, “हे कोन, तुमची धवलारीन?”

“ते जेवायला आलेत,” मनुबाई म्हणाली. “धवलारीन आत वेनी मालतं.”

मामा उंबर घेऊन आला. ढोल वाजत होता, विठ्ठल उलट्या पावलांनी समोर चालत होता. फांदी खड्ड्यात उभी केली, माती दाबली. सगुणा उठली. हळद लावली, कुंकू लावलं. मग काकीसारखी तिने सगळ्यांकडे पाठ केली आणि दोन्ही हात फांदीवर ठेवले. ढोल थांबला.

आणि तिला काही सुचेना. मार्केटात एका वेळी तीन गिऱ्हाइकांना तीन उत्तरं देणारी, दगडूच्या चिखलावर दहा वर्षं बोलणारी सगुणा, त्या फांदीसमोर तिला एक शब्द सुचेना. नदी म्हणावं का? पोपट? मागे शंभर माणसं गप्प होती. जनरेटर घुमत होता. रंगूबाईची नजर पाठीवर आहे हे तिला पाठीनेच कळत होतं.

तिने नुसतंच समोर पाहिलं. फांदी थोडी डावीकडे कलली होती, कारण बँडवाल्यांनी आपल्या स्पीकरची वायर तिलाच गुंडाळून पुढे नेली होती. कोवळं एक पान वायरखाली दबलं होतं. सगुणाने ते सोडवलं.

“बाय, यांनी तुज्या गल्यात वायर बांधलीय, तेवरी सोस,” ती अगदी हळू म्हणाली. “आमची शीला हाय. दोन दिस सरल रा.”

ती वळली. उजवा हात वर गेला. आणि मांडवभर आवाज उठला. तिचे सावलीला नवरी बैसली. मनुबाईचा फुटका आवाज, लक्ष्मीचा, सगळ्यांचा. आणि दुसऱ्या खेपेला, झेल चुकवणं जमत नाही म्हणून, रंगूबाईचाही. त्याच्या पुढच्या ओळी सगुणाच्या तोंडून येत गेल्या. हात खाली आणायचं तिला मध्येच आठवलं. शीला पाटावर बसून हसत होती, तिच्या कानात हळद गेली होती.

लग्न झालं. शीला चेंदणीला गेली. कॅसेट जूनमध्ये आली. सगुणाच्या सांगण्यावरून विठ्ठलने मेढीच्या जागी गाणं घातलं नाही, फूलही घातलं नाही. लोकांनी ती कॅसेट पाहिली तेव्हा आवाज मोठा केला होता. ढोल थांबलेला ऐकू येतो, जनरेटर ऐकू येतो, एक पोर “आई, शू” म्हणतं ते ऐकू येतं. सगुणाची पाठ दिसते. ती काय म्हणाली ते ऐकू येत नाही.

“खांदे बग माजे,” सगुणा म्हणाली. “काकीचे उचललेले वाटायचे. माजे म्हनजे कुनीतरी टोपली ठेवलीय.”

पण हळदीच्या त्या दिवशी, टेम्पोत बसण्यापूर्वी, रंगूबाईने तिला बाजूला घेतलं होतं. “बरा म्हनलास,” ती म्हणाली. “पयली ओल काय टाकलीस?”

“टाकली.”

“काय ती?”

“तुजी तू सांग आदी.”

 रंगूबाईच्या मनात चेष्टा दिसत नव्हती. “आमच्यात ती ठरलेली हाय. माज्या सासूनी मना कानात दिली. तुमची चंद्रभागा आनि माजी सासू एकाच बाईकडं शिकल्या. तवा तिचीबी तीच असनार. असनार म्हनतं. मना काय म्हाईत, ती पाठ फिरवून म्हनायची.” मग म्हणाली, “ठान्याला ये. कानात सांगतं. पन मांडव असंल तवाच ये.”

मनुबाईच्या मते जायला हवं. धाकूच्या मते रंगूबाई थापा मारते आहे. सगुणाचा नवरा दामाजी या सगळ्यात एकदाच बोलला. तो म्हणाला, शीलाचा मांडव त्या ओळीवाचून काही पडला नाही.

चेंदणीत पुढचं लग्न तुळशीच्या लग्नानंतरच्या आठवड्यात आहे. शीलाच्या चुलत दिराचं. आमंत्रण दिवाळीत आलं, आणि मेढीच्या आधी ये, हा रंगूबाईचा वेगळा निरोप शीलाने येऊन सांगितला. सगुणाने चोळीचं कापड घेऊन ठेवलं आहे. लग्नाला जाणार हे नक्की आहे. मेढीच्या वेळेपर्यंत पोचायचं की हळदीच्या जेवणाला, ते तिने अजून कोणाला सांगितलेलं नाही.